पाठ फिरवा

आलुबुखाराच्या झाडाजवळ कुदळ खण्णकन वाजली
तेव्हा वाटलं, लढाईतलं काही असेल,
माइन नदीच्या या काठाला अजून निघतं अधूनमधून.
मी घरात आले, चहाचं आधण ठेवलं,
मग राहवेना, म्हणून पुन्हा गेले
बटाटे सोलायची सुरी घेऊन, गुडघे टेकून.

वाळूचा दगड. वीतभर रुंद.
माथ्यावर फुली, एका अंगाला
कुठलंसं अक्षर, अर्धं मातीनं खाल्लेलं.
बत्तीस वर्षं मी इथे राहते.
बत्तीस वर्षं हा इथेच, हातभर खाली,
अवाक्षर न काढता.

शेजारचा ओटमार कुंपणावरून म्हणाला,
"हद्दीचा आहे. हलवू नकोस. सातांना बोलाव."

सात म्हणजे शपथ घेतलेले.
त्यांनाच ठाऊक असतं
आमच्या शिवारातल्या दगडांखाली काय पुरलंय:
भाजल्या मातीचे तुकडे, कुणी म्हणतं काचेचे,
किती, कसे मांडलेले, कुणीकडे तोंड करून,
हे कुठल्याही कागदावर नाही.
एक जातो, तेव्हा उरलेले सहा नव्याच्या कानात सांगतात.
बायकोला नाही. पाद्र्यालाही नाही.
दगड काय, रात्रीतून कुणीही सरकवील,
खालची मांडणी कुठून आणील?

सातांतले चारच आले. एकाचा गुडघा नवा बसवलाय,
एक मुलीकडे हॅम्बुर्गला,
आणि सातवी जागा रिकामीच.
तरुणांना गुपित नको असतं, म्हातारा लोरेन्झ म्हणाला,
त्यांच्याकडे पासवर्ड असतात.
मग टोपी काढून म्हणाला, "पाठ फिरवा."

मी आणि ओटमार भिंतीकडे तोंड करून उभे,
शिक्षा झालेल्या पोरांसारखे.
मागे फावडं. मग फावडं थांबलं.
मग बोटांनी माती सारल्याचा आवाज,
झोपलेल्याचं पांघरूण काढावं तसा.
भिंतीला पोपडे आलेत, ते मला तेव्हा दिसले.
ओटमारचा डावा बूट उसवलाय, तेही.
बऱ्याच वेळानं लोरेन्झ "हं" म्हणाला.
एवढंच.

वळलो तेव्हा खड्डा बुजलेला होता.
दगडापासून रस्त्यापर्यंत सुतळी ताणलेली,
आणि माझ्या अल्बाननं लावलेलं आलुबुखार
सुतळीच्या पलीकडे.
चांगलं दीड हात पलीकडे.

मी मनात बरण्या मोजू लागले.
बऱ्या हंगामाला चौदा, गारपीट झाली त्या साली तीन.
केक वेगळे. त्यातला एक
ओटमारच्या बायकोला पुरलं त्या दिवशी मीच नेलेला,
त्याच्याच फळांचा, त्याच्याच घरी,
आणि त्यानं दोनदा आभार मानलेले.

आमच्याकडे सांगतात,
हद्दीचा दगड सरकवणारा मेल्यावर
तो दगड खांद्यावर घेऊन जळत हिंडतो शेतांतून,
"कुठे ठेवू? कुठे ठेवू?"
अल्बाननं दगड सरकवला नव्हता.
त्याच्यावर फक्त माती येऊ दिली.
कुंपण घातलं तेव्हा दोरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.
"जरा तिकडे," असं मीच म्हणाले होते का?
आठवत नाही. आठवत नाही म्हणायला
सोयीचं वय आहे माझं.

सप्टेंबरात ओटमारनं फळं उतरवली.
शिडी माझीच मागून नेली.
आठवड्यानं दारात एक बरणी, चिठ्ठी नाही, काही नाही.
मुरंबा करपलेला, साखर कमी,
आणि तिसऱ्या घासाला दाताखाली आठळी.

धुऊन खिडकीत ठेवलीय.
रोज बघते तिच्याकडे.
कुठे लावायची, ते ठरत नाही.